छावणी उठते एकाची, झोप उडते शेजाऱ्याची

मराठवाड्यात शाळा शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. तैनाती फौज? लॉर्ड वेलस्ली. पहिली कुणी स्वीकारली? हैदराबादच्या निजामानं, १७९८ साली. एवढं पाठ असतंच, आणि असायला कारणही आहे. त्या व्यवस्थेच्या खुणा आपल्याच गावांत पडल्या आहेत. औरंगाबादची छावणी (शहराचं नाव बदललं, छावणी छावणीच राहिली), जालन्याची, हिंगोलीची, मोमिनाबादची म्हणजे आजच्या अंबाजोगाईची. निजामाच्या पैशावर पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांचा हुकूम मानणाऱ्या पलटणी इथं राहायच्या. त्यातल्या कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार थकला, तेव्हा १८५३ मध्ये कंपनीनं निजामाकडून वऱ्हाड प्रांत लिहून घेतला.

परीक्षेत विचारतात की फौज कशी आली आणि अटी काय होत्या. ती निघून जाते तेव्हा काय होतं, हे कुणी विचारत नाही. आणि ज्याच्या घरी ती होती त्याच्या शेजाऱ्याचं काय होतं, हे तर मुळीच नाही.

परवा भाच्यानं नेमकं तेच विचारलं. तो संभाजीनगरला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रात्री अकराला फोन. "मामा, अमेरिका कोरियातून सैन्य काढणार म्हटलं की जपानला का घाम फुटतो? सैन्य तर कोरियातून जाणार ना?" त्याच्या नोट्समध्ये एका ओळीत उरकलं होतं: जपानच्या सुरक्षा धोरणावर परिणाम झाला. कसा झाला, ते नाही. फोनवर तासभर गेला. तेच इथं जरा निवांत सांगतो.

आधी शेतातली गोष्ट. ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडं रानडुकरांचा ताप सुरू होतो. आमच्या धुऱ्याला लागून ज्यांचं शेत आहे, त्यांनी जागलीला माणूस ठेवला होता. झोपडी त्यांच्या शेतात, पगार त्यांचा, बॅटरी त्यांची. एका वर्षी परवडेना म्हणून त्यांनी तो माणूस काढला. डुकरं आधी त्यांच्याच रानात शिरली, हे खरं. पण रात्ररात्र जागायला लागलो आम्ही. डुकराला सातबारा वाचता येत नाही. आणि माणूस काढताना त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. विचारतील कशाला? पगारात आमचा छदाम नव्हता. त्या माणसामुळं आमचंही रान राखलं जात होतं, हे आम्हाला तो गेल्यावर कळलं.

आता नकाशा काढा. जपानचं त्सुशिमा नावाचं बेट कोरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. जालना ते संभाजीनगर अंतर यापेक्षा जास्त भरेल. तेराव्या शतकात मंगोलांची पहिली स्वारी जपानवर आली ती कोरियाच्या बाजूनं, आणि दुसरीतला एक ताफाही तिथूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी लष्करात कोरियाला 'जपानच्या काळजावर रोखलेली कट्यार' म्हणायची पद्धत पडली. या भीतीचं पुढं काय झालं हेही सांगायला हवं: १९१० मध्ये जपाननं कोरिया गिळला आणि १९४५ पर्यंत वसाहत म्हणून पिळला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोरियाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेत अमेरिकेचं सैन्य होतं. जून १९४९ पर्यंत अमेरिकेनं ते जवळपास सगळं काढून घेतलं, मागं फक्त ५०० च्या आसपास सल्लागार ठेवले. १२ जानेवारी १९५० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांनी एका भाषणात पूर्वेकडची संरक्षणरेषा सांगितली. तिच्यात जपान होता, फिलिपिन्स होतं, कोरिया नव्हता. २५ जून १९५० ला उत्तर कोरियानं हल्ला केला. त्या एका भाषणानं युद्ध झालं असं सरसकट सांगतात ते मला पटत नाही. सोव्हिएत रशियाच्या स्टालिनची परवानगी मिळाली नसती तर उत्तर कोरियाचा किम इल सुंग हललाही नसता. पण राखणदार गेलाय आणि मालक म्हणतोय की ते रान माझ्या हद्दीत नाही, एवढं ऐकल्यावर डुकराची हिंमत वाढणारच.

मग गंमत अशी झाली की कोरिया वाचवायला अमेरिकेनं जपानमधल्या आपल्या चारही डिव्हिजन उचलून तिकडं नेल्या. म्हणजे जपान उघडा पडला. हा जपान कुठला? ज्याच्या १९४७ च्या राज्यघटनेच्या ९ व्या कलमात लिहिलंय की आम्ही युद्ध करणार नाही आणि त्यासाठी सैन्यही बाळगणार नाही. ते कलम लिहून घेणारेही अमेरिकनच. युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच, ८ जुलैला, महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन फौजेचे प्रमुख जनरल मॅकार्थर यांचं पत्र आलं: ७५,००० माणसांचं राष्ट्रीय राखीव पोलीस दल उभारा. नाव पोलिसांचं. त्यांना रणगाडे मिळाले तेव्हा त्यांना रणगाडे म्हणायची सोय नव्हती, म्हणून 'विशेष वाहन' म्हणायचे. आपल्याकडचे सरकारी कारकूनसुद्धा एवढं सुरेख नाव काढू शकले नसते. त्याच पोलीस दलाचं १९५४ मध्ये स्वसंरक्षण दल झालं, तेच आजचं जपानी लष्कर. तेव्हा भाच्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं की जपानच्या आजच्या सैन्याचा जन्मच मुळी शेजारच्या रिकाम्या छावणीतून झालाय.

१९५३ ला युद्ध थांबलं आणि अमेरिकेचं सैन्य दक्षिण कोरियात राहिलं. हे सैन्य करतं काय? लोकांना वाटतं शत्रूला अडवतं. थोडंफार अडवेलही, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. डुकरांसाठी आपण रानाभोवती तार ओढतो आणि तिला रिकामे डबे बांधतो. तारेनं डुक्कर मरत नाही. डबे वाजतात आणि मालक काठी घेऊन धावतो, एवढंच त्या तारेचं काम. अमेरिकेची दुसरी इन्फंट्री डिव्हिजन मुद्दाम उत्तरेची सीमा आणि सोल यांच्या मध्ये बसवलेली होती. हल्ला झाला की पहिल्या तासात अमेरिकन पोरं मरणार, आणि मग वॉशिंग्टनला घरी बसून राहणं अशक्य होणार. म्हणजे ते सैनिक एका अर्थी जामीन आहेत. जामीनदार निघून गेला की कागदावरचा करार जसाच्या तसा राहतो, फक्त सावकाराचा विश्वास उडतो.

पुढचा धक्का अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा. जुलै १९६९ मध्ये ग्वाम बेटावर त्यांनी सांगितलं की आशियातल्या मित्रांनी आपल्या संरक्षणासाठी माणसं आपली लावावीत. १९७१ पर्यंत कोरियातली अमेरिकेची सातवी डिव्हिजन परत गेली, साधारण २०,००० सैनिक. याच दरम्यान, नोव्हेंबर १९६९ मध्ये, निक्सन आणि जपानचे पंतप्रधान सातो यांच्या संयुक्त निवेदनात एक वाक्य आलं: दक्षिण कोरियाची सुरक्षा जपानच्या स्वतःच्या सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे. वाचायला गुळगुळीत वाटतं. पण अशा निवेदनांत एकेका शब्दासाठी महिना महिना घासाघीस चालते. वीस वर्षं जपान म्हणत होता की कोरिया हा अमेरिकेचा विषय. आता पहिल्यांदा लिहून दिलं की तो आमच्या धुऱ्याचाही विषय आहे. बदल्यात सातोंना अमेरिकेच्या ताब्यातलं ओकिनावा बेट परत हवं होतं, ते १९७२ मध्ये मिळालं.

आता खरी गोष्ट, कार्टरची.

जिमी कार्टर निवडणुकीच्या प्रचारातच म्हणत होते की कोरियातलं भूदल परत आणीन. व्हिएतनाममध्ये हात पोळले होते, एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं होतं, आणि सोलमध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही यांची हुकूमशाही होती. अशा माणसासाठी आपली पोरं का ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. कोरियात तेव्हा ४०,००० च्या आसपास अमेरिकन सैनिक होते, त्यातलं भूदल ३०,००० हून थोडं जास्त. ९ मार्च १९७७ ला कार्टरनी जाहीर केलं की चार-पाच वर्षांत भूदल काढू, हवाई दल राहील.

जपानला हे आधीच कळलं होतं. जानेवारीअखेर उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेल दौऱ्यावर निघाले, युरोप करून टोकियोला आले, पंतप्रधान ताकेओ फुकुदांना भेटले आणि सैन्य काढण्याचा इरादा सांगितला. सोल त्या दौऱ्यात नव्हतंच. ज्याच्या घरातला राखणदार जाणार त्याला सोडून शेजाऱ्याकडं चहा प्यायचा, असा प्रकार. आणि सांगितला तो निर्णय. विचारलं काहीच नाही.

फुकुदांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. शेजारची छावणी उठत असेल तर एखाद्या देशाकडं वाटा किती असतात? एक, स्वतः जाऊन ती जागा भरायची. आपल्या इतिहासात ही वाट दिसते. नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर सिकंदराबादच्या छावणीतलं भारतीय सैन्य बाहेर पडलं, संस्थानात रझाकारांना रान मोकळं मिळालं, आणि सोलापूर-बार्शीकडं माणसांचे लोंढे सुरू झाले. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून सैन्य निघालं, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. आपला मुक्तिसंग्राम दिन. जपानला असलं काही स्वप्नातही शक्य नव्हतं. राज्यघटना आड येते, हे एक. दुसरं, त्याहून मोठं: ३५ वर्षं जपानी बुटाखाली राहिलेला कोरियन माणूस आपल्या रक्षणाला जपानी सैनिक येतोय म्हटल्यावर आधी त्याच्यावरच गोळी झाडेल.

दुसरी वाट, आपल्याच घरात शस्त्रं वाढवायची. पण नोव्हेंबर १९७६ मध्येच आधीच्या मिकी सरकारनं ठरवलं होतं की संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या वर खर्च करायचा नाही. शाई वाळली नव्हती. तिसरी, शत्रूशी जुळवून घ्यायचं. चौथी, जाणाऱ्याला थांबवायचं.

फुकुदांनी चौथी धरली, आणि तीही आवाज न करता. जाहीरपणे भूमिका अशी की हा अमेरिका आणि दक्षिण कोरियातला विषय आहे. विरोधी समाजवादी बाकं आणि घरचं युद्धविरोधी जनमत बघता 'अमेरिकन सैन्य ठेवा' असं ओरडून सांगणं परवडणारं नव्हतं. पण मार्च १९७७ मध्ये फुकुदा वॉशिंग्टनला गेले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात शब्द बसवून घेतले: सैन्यकपात दक्षिण कोरियाशी आणि जपानशीही सल्लामसलत करून होईल, आणि द्वीपकल्पातल्या शांततेला धोका होणार नाही अशा रीतीनं होईल. माघारीला विरोध कुठंच नाही, पण पायात दोरी अडकवलेली.

माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट पुढच्या वर्षी घडली आणि ती पैशाची आहे. १९७८ पासून जपाननं आपल्या भूमीवरच्या अमेरिकन तळांचा जास्तीचा खर्च स्वतः उचलायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी सुमारे ६२० कोटी येन, तळावर काम करणाऱ्या जपानी कामगारांच्या खर्चापोटी. करारात हे बसत नव्हतं. संरक्षण खात्याचे प्रमुख शिन कानेमारू यांनी समर्थन दिलं ते 'ओमोइयारी' या शब्दात. समोरच्याची अडचण न सांगता ओळखून केलेली मदत, असा त्याचा अर्थ. डॉलरपुढं येन भराभर महागत होता आणि अमेरिकेला तळ पोसणं जड जात होतं, ती ही अडचण. कोरियातून जाणारं सैन्य उद्या जपानमधूनही जाईल, ही धास्ती कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. १९९९ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला २७,००० कोटी येनच्या पुढं गेली होती. सांगायची गोष्ट म्हणजे, आम्हीही पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या राखणदाराचा निम्मा पगार द्यायला लागलो. झोपडी अजून त्यांच्याच धुऱ्यावर आहे, आणि तो कुठल्या बाजूला जास्त फेऱ्या मारतो यावरून दरवर्षी कुरकुर होतेच.

नोव्हेंबर १९७८ मध्ये जपान-अमेरिका संरक्षण सहकार्याची मार्गदर्शक तत्त्वं ठरली. जपानवर हल्ला झाला तर कोण काय करेल याचं दोन्ही लष्करांनी मिळून नियोजन करायचं, आणि जपानबाहेर अतिपूर्वेत गडबड झाली तर जपान काय सोयी देईल याचाही अभ्यास करायचा. हा शेवटचा भाग म्हणजे कोरियाच, नाव न घेता. आता हे सगळं कार्टरमुळंच झालं असं भाच्यानं पेपरात लिहू नये. सोव्हिएत आरमार पॅसिफिकमध्ये वाढत होतं, बोलणी आधीपासून चालू होती. पण सही करणाऱ्यांच्या मनात कोरियातली रिकामी होऊ घातलेली छावणी नव्हती, असं म्हणणंही भाबडेपणाचं.

आणखी एक भीती होती, तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं. राखणदार गेला तर शेजारी स्वतः काय आणून ठेवेल? निक्सनच्या माघारीनंतर पार्क यांनी गुपचूप अणुबॉम्बच्या मागं लागायला सुरुवात केली होती. फ्रान्सकडून इंधन पुनर्प्रक्रियेचा कारखाना घेण्याचा करार अमेरिकेच्या दबावानं १९७६ मध्ये मोडला. १९७५ मध्ये पार्क अमेरिकन पत्रकारांना उघड म्हणाले होते की अमेरिकेनं आपल्या अण्वस्त्रांची छत्री काढली तर आम्ही आमची बनवू. हिरोशिमा भोगलेल्या जपानच्या शेजारी अण्वस्त्रधारी कोरिया, ही कल्पना टोकियोला उत्तरेच्या रणगाड्यांइतकीच नकोशी होती. मित्राचं सैन्य शत्रूला धाक दाखवतं तसं यजमानालाही आवर घालतं. आपल्या निजामाला विचारा. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले, निजाम मराठ्यांकडून हरला, मग चिडून त्यानं इंग्रजांच्या पलटणी घालवल्या आणि फ्रेंच रेमंडच्या फौजेवर भर दिला. त्या फ्रेंच फौजेची धास्ती इंग्रजांनी एवढी घेतली की १७९८ च्या तहातलं पहिलं काम तिला बरखास्त करणं हेच होतं.

कार्टरच्या योजनेचं काय झालं? मे १९७७ मध्ये कोरियातले अमेरिकन मेजर जनरल सिंगलॉब यांनी वर्तमानपत्राला सांगितलं की याचा शेवट युद्धात होईल. त्यांना तिथून हलवलं. काँग्रेसमध्ये विरोध वाढला. मग उपग्रहाच्या छायाचित्रांची पुन्हा तपासणी झाली आणि दिसलं की उत्तर कोरियाकडं आधी मोजले त्यापेक्षा बरेच जास्त सैनिक आणि रणगाडे आहेत. २० जुलै १९७९ ला माघार थांबवली. प्रत्यक्षात तोवर गेले होते ३,००० च्या थोडे वर सैनिक, त्यात लढाऊ बटालियन एकच.

हा आकडा भाच्याला मी दोनदा लिहून घ्यायला लावला. ३०,००० जाणार होते, गेले ३,०००. तरी जपानची तिजोरी उघडली, मार्गदर्शक तत्त्वं झाली, निवेदनांची भाषा बदलली. पाऊस पडायच्या आधी अंदाजावरच बियाण्याचा भाव चढतो, तसं हे. सैन्य परत पाठवायला वर्षं लागतात, परत आणताही येतं. 'हे जाऊ शकतात' ही शंका एकदा घुसली की ती मात्र कुठल्याही विमानात बसून परत जात नाही.

आपल्या दिल्लीनंही हे भोगलंय. अफगाणिस्तानात भारताचं सैन्य नव्हतं. पण अमेरिकेच्या बंदुकांच्या आडोशाला आपण झरंज-देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता केला, हेरातजवळ सलमा धरण बांधलं, काबूलला संसद उभारली. फेब्रुवारी २०२० मध्ये दोह्यात अमेरिकेनं तालिबानशी करार केला, त्या टेबलावर आपल्याला खुर्ची नव्हती. ३० ऑगस्ट २०२१ ला शेवटचं अमेरिकन विमान काबूलहून उडालं आणि दुसऱ्याच दिवशी दोह्यात भारताचे राजदूत तालिबानच्या प्रतिनिधीला भेटले. १९९९ चं कंदहारचं विमान आठवणाऱ्यांना ते कडू गेलं. पण जपानला जी तिसरी वाट घ्यावी लागली नाही, ती आपल्याला घ्यावी लागली. जून २०२२ मध्ये आपलं तांत्रिक पथक काबूलच्या दूतावासात परतलं.

जपाननं दरम्यान बाकीच्या वाटाही चाचपल्या. १ टक्क्याची मर्यादा पंतप्रधान नाकासोने यांनी १९८७ मध्ये ओलांडली, तीही एवढीशी की मोजायला भिंग लागावं. डिसेंबर २०२२ मध्ये मात्र ठरलं की २०२७ पर्यंत खर्च २ टक्क्यांवर न्यायचा.

फोन ठेवताना भाच्यानं विचारलं, "म्हणजे अजूनही त्यांना न विचारताच काढतील?" त्याला एक तारीख सांगितली. २० डिसेंबर २०१९ ला अमेरिकेच्या संरक्षण खर्चाच्या वार्षिक कायद्यावर सही झाली. त्यात अट होती की कोरियातलं सैन्य २८,५०० च्या खाली आणायला पैसा वापरता येणार नाही. आणायचंच असेल तर संरक्षणमंत्र्यानं लिहून द्यावं की मित्रदेशांशी सल्लामसलत केली आहे. मित्रदेश कोणते, हेही त्या कलमात नावानं लिहिलेलं होतं. दक्षिण कोरिया, आणि त्याच्या शेजारी जपान.